खरेदीचा निर्णय कोठे होतो?

मनुष्य वस्तू का विकत घेतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. अर्थशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके सांगतात की, ग्राहक आपली गरज, आपली ऐपत आणि बाजारातील भाव या तिहींचा मनाशी मेळ घालतो आणि ज्या सौद्यात त्याला अधिकात अधिक लाभ दिसतो तो सौदा करतो. तर घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की, हल्लीच्या पिढीला काटकसर ठाऊक नाही, तिचा हात सैल झाला आहे आणि तिच्या मनाला लगाम उरलेला नाही. एक उत्तर ग्राहकाला चतुर ठरवते, दुसरे त्याला उधळ्या ठरवते. परंतु दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे, ते हे की खरेदीचा निर्णय ग्राहकाच्या डोक्यात होतो आणि म्हणून त्याचे श्रेय वा दूषण सर्वस्वी त्याचे. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे वाटते. दुकानाची मांडणी, किंमत लिहिण्याची रीत आणि पैसे चुकते करण्याचे साधन यांत तो निर्णय पुष्कळदा आधीच अर्धामुर्धा होऊन गेलेला असतो आणि ग्राहक त्यावर शेवटी शिक्कामोर्तब तेवढे करतो. तेव्हा त्याने विचार कसा करावा याचा उपदेश करण्यापूर्वी, त्याला तो विचार कोठे आणि केव्हा करावा लागतो हे पाहणे अगत्याचे आहे.

महिन्याचे वाणसामान भरण्याची जी पद्धत आपल्या गावाशहरांतून काल-परवापर्यंत रूढ होती, ती या दृष्टीने आठवून पाहावी. घरातील कर्ती बाई महिन्याच्या आरंभी डबे उघडून तूरडाळ किती उरली, गूळ कोठवर पुरेल, पुढे सणवार कोणते आणि पाहुणे किती, याचा अदमास घेऊन कागदावर यादी उतरवीत असे; ती चिठ्ठी वाण्याच्या दुकानी जाई, गडी पुड्या बांधी, माल घरपोच येई आणि रक्कम वाण्याच्या वहीत नावे पडे. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. मापात पाप होते, उधारीचा तगादा होता आणि मालाची प्रत वाण्याच्या मर्जीवर अवलंबून होती. पण तीत एक गुण असा होता की, काय घ्यायचे हे रिकाम्या डब्यांसमोर ठरत असे, भरलेल्या मांडण्यांसमोर ठरत नसे. वाण्याला जे खपवायचे असेल ते खपवायला त्या चिठ्ठीत जागाच नव्हती.

ती जागा निर्माण करण्याचे कर्तृत्व अमेरिकेतील क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याकडे जाते. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी १९१६ साली त्याने ‘पिगली विगली’ या विचित्र नावाचे किराणा दुकान उघडले आणि त्यात गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलावा अशी तजवीज केली. नोकरांचा पगार वाचावा हा हेतू होताच. परंतु आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडण्यापूर्वी सर्व मांडण्यांवरून फिरून जावे लागेल, असा एकेरी मार्गही त्याने आखला होता, आणि या रचनेचे पेटंट त्याने १९१७ साली पदरात पाडून घेतले. पुढे ओक्लाहोमा शहरातील सिल्व्हन गोल्डमन याच्या ध्यानात आले की, हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरते घेते. म्हणून १९३७ साली त्याने चाकांची ढकलगाडी काढली, आणि लोक ती हाती धरेनात तेव्हा चारचौघांसारख्या दिसणाऱ्या माणसांना पगार देऊन दुकानभर गाड्या ढकलीत फिरवले. हाताला जाणवणारा भार हीच त्या काळी खरेदीची मर्यादा होती, आणि गाडीच्या चाकांनी ती नाहीशी केली. आजच्या मोठ्या दुकानात नित्याचे पीठमीठ आतल्या अंगाला आणि चॉकलेटे पैसे भरण्याच्या रांगेपाशी, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात, ती याच परंपरेतली योजना होय.

अर्थात ही विद्या केवळ पाश्चात्त्यांचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला साड्यांच्या एखाद्या जुन्या पेढीत जाऊन बसावे आणि गादीवरचा मनुष्य काय करतो ते बारकाईने न्याहाळावे. चपला काढून मंडळी टेकली की प्रथम पाणी येते, मागोमाग चहा येतो, आणि मग मोठ्या अदबीने विचारणा होते की, ‘वहिनी, साधारण कितीपर्यंत दाखवू?’ वहिनींनी पाच हजार सांगितले तरी पहिली घडी उलगडते ती बारा हजारांच्या पैठणीची, आणि सोबत असे म्हणणे असते की, ‘घ्यायची म्हणून नका बघू, नुसता पोत बघा.’ त्यानंतर नऊ हजारांची, त्यानंतर साडेसहाची. आणि या तिसऱ्या साडीपर्यंत येता येता घरून ठरवून आणलेले पाच हजार कोठल्या कोठे गेलेले असतात, कारण आता तुलना पाचाशी नसून बाराशी चाललेली असते आणि बारापुढे साडेसहा म्हणजे काटकसरच वाटू लागते. मग पदर खांद्यावर येतो, आरसा पुढे होतो, सोबतची नणंद वा जाऊ ‘रंग खुलतो हो तुम्हाला’ म्हणते, आणि गादीवर तीस-चाळीस साड्यांचा ढीग पडलेला पाहून बाईंच्या मनात येते की, बिचाऱ्याला एवढ्या घड्या मोडायला लावल्या, आता रिकाम्या हाताने उठायचे कसे!

या घटकाभराच्या व्यवहारात मानसशास्त्राचे तीन सिद्धान्त नांदत असतात. पहिल्या आकड्याचा जो पगडा बसतो, त्याचा पडताळा एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोघा विद्वानांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिला आहे. त्यांनी लोकांसमोर एक आकड्यांचे चाक फिरवले, जे मुद्दाम १० वा ६५ याच आकड्यांवर थांबत असे, आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण शेकडा किती, असे विचारले. चाकाचा आणि प्रश्नाचा अर्थाअर्थी काही संबंध नसता १० पाहिलेल्यांचा मध्यम अंदाज २५ आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५ निघाला. पदर खांद्यावर आल्याने वस्तू आपली वाटू लागते, याचा दाखला कानेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९० सालच्या प्रयोगात आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या हाती साधे पेले दिले, त्यांनी ते परत विकण्यासाठी मागितलेली किंमत, पेला नसलेले विद्यार्थी देऊ करत होते त्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. तिसरी गोष्ट उपकाराच्या ओझ्याची. फुकटचा चहा आणि मोडलेल्या घड्या यांची परतफेड केल्यावाचून उठणे सभ्य माणसाला जड जाते. गादीवरच्या विक्रेत्याने यांपैकी एकही निबंध वाचलेला नसतो. त्याच्या वडिलांनी आणि त्यांच्याही वडिलांनी तीच गादी चालवली, आणि विद्यापीठांनी ज्याला पुढे नावे दिली ते ज्ञान या मंडळींना अनुभवाने केव्हाच प्राप्त झाले होते.

किमतीच्या बाबतीत तर मनाचा जमाखर्च आणि वहीतला जमाखर्च यांचे क्वचितच जुळते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली असे मांडले की, खरेदीतून माणसाला दोन वेगवेगळी सुखे मिळतात. एक वस्तूच्या उपयोगाचे आणि दुसरे सौदा चांगला झाल्याचे. तुळशीबागेत सहाशे सांगितलेली पर्स घासाघीस करून साडेतीनशेला मिळवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते दुसऱ्या जातीचे, आणि त्या समाधानात पर्स मुळात हवी होती काय हा प्रश्न बेमालूम विरून जातो. पाकिटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती कायद्याने केली ती दुकानदाराने अवाच्या सवा घेऊ नये म्हणून. परंतु छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे हे विसरून लोक तिलाच वाजवी भाव समजू लागले, आणि ‘छापील किमतीवर चाळीस टक्के सूट’ या घोषणेला ग्राहकाच्या संरक्षणार्थ काढलेला आकडाच उपयोगी पडला. त्याउलट जेथे भाव वाढवायचा तेथे आकड्याला हात लावला जात नाही. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो आणि आतले वजन मात्र थोडेथोडे उतरत जाते, कारण एक रुपया वाढला तर गिऱ्हाईक चटकन बिचकते, पण दहा ग्रॅम घटले तर त्याच्या डोळ्यांस ते दिसत नाही. अलीकडे वेष्टनावर दर ग्रॅमला वा दर मिलिलिटरला पडणारा भाव छापण्याचा नियम झाला आहे. तो आकडा बारीक अक्षरांत असला तरी वेष्टनावरील सर्वांत प्रामाणिक आकडा तोच, आणि तो वाचणारे विरळा.

सोन्याचे प्रकरण याहून मौजेचे आहे. शंभरदा विचार करून चप्पल घेणारे गृहस्थ दसऱ्याला दागिना घेताना फारसे अडखळत नाहीत, कारण चप्पल मनाच्या वहीत खर्ची पडते आणि दागिना शिलकेत जमा होतो. ही समजूत सर्वथा चुकीची नाही. अडल्या वेळी सोन्याने कित्येक संसार सावरले आहेत. परंतु घडणावळ आणि कर यांपोटी दिलेली रक्कम मोडीच्या वेळी परत येत नाही, तेवढी ती निव्वळ खर्चातच पडते. आणि जो गृहस्थ दागिन्याला बचत म्हणतो, तो त्याच पैशाचे वळे वा नाणे घेतले तर घडणावळ किती वाचेल याचा हिशेब मात्र सहसा मांडत नाही.

किंमत ठरली तरी पैसे हातचे सोडताना जो चटका बसतो, तो खरेदीचा शेवटचा पहारेकरी होय, आणि गेल्या काही वर्षांत या पहारेकऱ्याची रीतसर बदली करण्यात आली आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतील एम. आय. टी. च्या प्राध्यापकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या दुर्मिळ तिकिटांसाठी बंद लिफाफ्यात बोली लावायला सांगितले; निम्म्यांना रोख देण्याची अट होती, निम्म्यांना क्रेडिट कार्डाची, आणि कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआयने भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांची सोय केली, आणि ही सोय खरी आहे, सुट्या पैशांची हुज्जत मिटली आणि चोरीची धास्ती कमी झाली. पण शंभराची नोट मोडली की उरलेल्या नोटा आपोआप मोजल्या जात, ते मोजणे संपले. हप्त्यांची गोष्ट तर आणखी पुढची. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते. त्यानंतर ‘बिनखर्ची हप्ता’ हे नवे नामकरण पुढे आले, ज्यात सामान्यतः वस्तूच्या किमतीत जी सूट दिल्यासारखी दाखवतात तीच व्याजाच्या रूपाने बँकेकडे वळती होते, आणि व्याजावरचा कर ग्राहकाच्या माथी राहतो. साठ हजारांचा फोन घ्यावा की न घ्यावा, या प्रश्नाच्या जागी दरमहा पाच हजार परवडतील काय, हा प्रश्न ठेवला की उत्तर बहुधा होकारार्थीच येते.

वेळेच्या बाबतीत झालेला फेरफार मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्याकडे मोठ्या खरेदीला मुहूर्त पाहण्याची चाल होती. पाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी आणि अर्धा मुहूर्त बलिप्रतिपदेचा, असे साडेतीन मुहूर्त. त्यांच्या शुभाशुभाचा विचार बाजूला ठेवला तरी त्यांचा व्यावहारिक परिणाम असा होता की, श्रावणात मनात आलेली वस्तू दसऱ्यापर्यंत थांबे, आणि त्या अवधीत निम्म्या इच्छा आपोआप निवत. पुढे पेढ्यांनी धनत्रयोदशी आणि गुरुपुष्यही खरेदीच्या यादीत घातले, आणि आता तर इंटरनेटवरील दुकानांनी दर पंधरवड्याला एक नवा महामुहूर्त निर्माण केला आहे. जुना मुहूर्त माणसाला थांबवीत असे आणि नवा त्याला पळवतो, कारण पडद्यावर सेकंद उलटे मोजले जात असतात, ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी सूचना लुकलुकत असते, आणि ती खरी की खोटी हे पाहण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नसते.

या प्रकारांची सरकारदरबारी दखल घेतली गेली आहे, हे नमूद केले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि त्यांत तेरा प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई निर्माण करणे, न विचारता पिशवीत जास्तीची वस्तू वा विमा सरकवणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्ये लिहिणे, सुरुवातीला एक किंमत दाखवून अखेरीस शुल्कावर शुल्क चढवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे दुर्घट ठेवणे, हे सारे त्यांत आले. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने या दुकानांना तीन महिन्यांच्या मुदतीत स्वतःची तपासणी स्वतःच करण्याचा सल्लाही दिला. ज्याच्या तराजूविषयी शंका आहे त्यालाच तराजू तपासायला सांगण्याचा हा प्रकार पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजनेमापे तपासायला जसा निरीक्षक दुकानात जातो, तशी पडद्यावरच्या दुकानाचीही त्रयस्थाकडून तपासणी झाली पाहिजे आणि तिचा अहवाल जनतेसमोर आला पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल की, या विवेचनात ग्राहकाला अगदीच बाहुले ठरवले आहे. तसे ठरवण्याचा उद्देश नाही. रोजंदारीवर जगणारी बाई शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी घेते तेव्हा ती मोहाला बळी पडलेली नसते. तिच्या हाती आज तेवढीच रोकड असते, आणि तिचा हिशेब पगारदारांच्या हिशेबापेक्षा पुष्कळदा काटेकोर असतो. साडी निवडण्यात आणि घासाघीस करण्यात निर्भेळ आनंदही आहे, आणि तो हिरावून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञांच्या प्रत्येक निष्कर्षाला वेदवाक्य मानण्याचेही कारण नाही. मुरंब्याच्या चोवीस बाटल्या मांडल्या तर सहा बाटल्यांच्या मानाने विक्री फार घटते, हा २००० साली गाजलेला प्रयोग पुढे इतरांनी नाना परींनी करून पाहिला, तेव्हा सर्व प्रयोगांची सरासरी शून्याच्या आसपास आली. मनुष्यस्वभाव असा एका सूत्रात सापडत नाही. तथापि एवढे मात्र टिकून राहते की, विकणारा शांतपणे, महिनोन्‌महिने आणि पगारी तज्ज्ञ ठेवून विचार करतो, आणि घेणाऱ्याला तोच विचार उभ्या उभ्या, रांगेत वा पडद्यासमोर, क्षणार्धात करावा लागतो. हा सामना बुद्धीच्या दृष्टीने बरोबरीचा असेल. अवकाशाच्या दृष्टीने तो बरोबरीचा नाही.

म्हणूनच संयमाच्या उपदेशापेक्षा निर्णयाची जागा बदलण्याचा मार्ग अधिक फलदायी आहे, आणि तो महाराष्ट्राने एकदा घालून दिलेला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ होतो, महिन्याच्या मागणीची छापील यादी घरी बसून आधीच भरली जाते, माल एकत्र खरेदी होऊन संघात येतो आणि सभासदच त्याची वाटणी करतात. या पद्धतीने भाव व प्रत यांचा लाभ झालाच. पण तिचा याहून मोठा लाभ असा की, वस्तू डोळ्यांसमोर नसताना आणि विक्रेता कानाशी नसताना गरज ठरवली गेली. वाण्याच्या चिठ्ठीतला गुण तीत आला आणि वाण्याच्या वहीतला दोष गेला.

ज्यांना असा संघ उपलब्ध नाही त्यांनाही आपल्यापुरता बंदोबस्त करता येईल. यादी घरी करावी आणि दुकानात तीत भर घालू नये. साडी असो वा फोन, रकमेची मर्यादा निघण्यापूर्वी ठरवून त्यापलीकडची घडी उलगडूच देऊ नये. हप्ता सांगितला तर सर्व हप्त्यांची बेरीज मागावी. वेष्टनावर सूट न वाचता दर ग्रॅमचा भाव वाचावा. आणि जी वस्तू आजच घेतली पाहिजे असे कोणी निक्षून सांगेल, ती निदान एक रात्र थांबवावी. पडद्यावरच्या दुकानाने न विचारता काही पिशवीत घातले वा वर्गणी बंद करू दिली नाही, तर त्याचा पुरावा जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कारण तेरा प्रकारांची यादी राजपत्रात कितीही ठळक छापली असली, तरी तक्रारदार पुढे आल्यावाचून तिची अंमलबजावणी होत नाही.